खोट्या गाड्या ओळखणारं आमचं हापिस

ट्रान्सपोर्टच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते गाडीबरोबर येतात, माल पुढं जातो आणि किस्से ऑफिसातच उतरून राहतात. परवा मैत्रिणींना मी त्यातला एक सांगायला घेतला, त्याच्या मागून दुसरा निघाला, आणि कुकर लावायचा राहूनच गेला. तेव्हा म्हटलं, एकदा ओळीनं सांगून मोकळं व्हावं.

नव्वदच्या दशकात मी कोपरगावला, नगर-मनमाड रस्त्यावरच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात नोकरीला होते. काम साधं. माल एकाचा, गाडी दुसऱ्याची, गाठ आम्ही घालून द्यायची. मालक भानुदासअण्णा. गोदामावर माल चढवून घेणारे मुकादम साळवेमामा. आणि टायपिंग येतं म्हणून लागलेली मी, शैला. ड्रायव्हर लोक मला मॅडम म्हणायचे, अण्णा नुसतं 'पोरी' म्हणायचे.

त्या काळात खोट्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांचा सुळसुळाट होता. चकचकीत व्हिजिटिंग कार्ड छापायचं, एक गाडी आणायची, माल भरायचा आणि गायब व्हायचं. अशांना ओळखण्यात आम्ही तिघं पुढं फार तरबेज झालो, असं निदान आमचं तरी मत होतं.

* * *

सुरुवात झाली ती आम्ही स्वतः फसलो तेव्हा. सफारी घातलेला एक माणूस आला. सुरतेला हेड ऑफिस आहे म्हणाला. अण्णांनी कार्डावरचा नंबर फिरवून खात्री केली. पलीकडून कुणीतरी अदबीनं सांगितलं, "साहब मीटिंग में हैं." मागं बऱ्याच माणसांची बोलणी ऐकू येत होती.

अण्णा फोन ठेवत म्हणाले, "लई मोठं हापिस दिसतंय. एका टायमाला किती माणसं फोनवर बोलत्यात."

पुणतांब्याच्या सोपानराव पाटलांचा गाडीभर कांदा त्या माणसाच्या गाडीतून कलकत्त्याला निघाला आणि कुठंच पोचला नाही. साळवेमामा सुरतेला जाऊन आले. कार्डावरच्या पत्त्यावर एसटीडी बूथ होता. बाहेर रांग होती आणि फोनच्या मागं ऐकू आलेली बोलणी त्या रांगेतल्या माणसांची होती.

सोपानराव त्यानंतर रोज सकाळी पहिल्या एसटीनं यायचे, आमच्या बाकावर बसायचे आणि संध्याकाळी परत जायचे. बोलायचे काही नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेवटी एका सकाळी अण्णांनी कांद्याच्या बदल्यात स्वतःच्या टेम्पोची चावी त्यांच्या हातात ठेवली. सोपानरावांनी ती दोनदा परत केली. तिसऱ्यांदा घेतली आणि म्हणाले, "अण्णा, मी यासाठी येत न्हवतो. घरी बसवत न्हवतं, म्हनून यायचो."

ते गेल्यावर अण्णा बराच वेळ बाहेर उभे होते. आत आले आणि म्हणाले, "पोरी, इथून फुडं देव जरी गाडी घिऊन आला, तरी चौकशी करायची."

* * *

मग चौकशी सुरू झाली. अण्णांनी एक प्रश्न शोधून काढला. कुठल्याही कंपनीचा माणूस आला की त्याला विचारायचं, "तुमच्या हापिसाच्या शेजारी काय हाय?" खरा असेल तर पटकन सांगेल, खोटा असेल तर अडखळेल.

पहिलाच आला तो इंदूरचा. अण्णांनी प्रश्न टाकल्यावर तो गोंधळला. आधी "कुछ नहीं" म्हणाला, मग "पता नहीं" म्हणाला, मग त्याला घाम फुटला. अण्णांनी त्याला चहा पाजून वाटेला लावला.

दुसरा नागपूरचा. त्यानं शेजारच्या इस्त्रीवाल्यापासून समोरच्या लिंबाच्या झाडापर्यंत सगळं सांगितलं. अण्णा खूश झाले. गाडी भरायची तेवढी बाकी होती. तेवढ्यात इंदूरला राहणारे आमचे एक जुने व्यापारी आले. अण्णांनी त्यांना सहज त्या पहिल्या माणसाचं विचारलं.

"चांगली कंपनी आहे की," ते म्हणाले. "शेजारी एक गाळा होता, परवाच पाडला. आता तिथं काय होणार, ते त्यांनाच ठाऊक नाही."

आम्ही घाईनं नागपूरच्या एका ओळखीच्या दुकानदाराला फोन करून तिथं बघून यायला सांगितलं. इस्त्रीवाला होता, लिंबाचं झाडही होतं. फक्त मधे ऑफिस नव्हतं.

संध्याकाळी अण्णा म्हणाले, "म्हंजे आता बरोबर उत्तर देईल त्याच्यावर इस्वास ठिवायचा न्हाई, अन् चुकीचं देईल त्याला घालवायचं न्हाई. मग विचारायचं कशाला?"

* * *

प्रश्नावरचा विश्वास उडाल्यावर आम्ही नंबर प्लेटवर आलो. सोलापूर पासिंगची एक गाडी साखर भरून नगरकडं निघाली. तिचा नंबर मी लिहून घेतला होता. अण्णांच्या ओळखीच्या आरटीओतल्या माणसानं तपासून फोन केला की हा नंबर कुठल्याशा स्कूटरचा आहे.

अण्णांनी राहुरीला पोलिसांना कळवलं. गाडी अडवली गेली. आम्ही तिघं एसटीनं राहुरी गाठली. ड्रायव्हर चौकीत बाकड्यावर बसला होता. तेलुगू माणूस. मराठी येत नव्हतं, हिंदीतला एकच शब्द येत होता, "पानी." तो सारखा बाहेर बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "पानी, पानी."

हवालदारानं त्याला तांब्याभर पाणी दिलं. त्यानं ते नाइलाजानं प्यायलं आणि पुन्हा बोट दाखवलं. साळवेमामांना कळवळा आला. त्यांनी हॉटेलातून थंड पाणी आणलं. तेही तो प्यायला. अण्णा मला हळूच म्हणाले, "भ्यालाय. गुन्हेगाराच्या घशाला कोरड पडते बघ."

तिसऱ्यांदा पाणी दिल्यावर मात्र तो उठला, तांब्या हातात घेऊन सरळ बाहेर गेला आणि ते पाणी त्यानं नंबर प्लेटवर ओतलं. चिखल गळून पडला. सहा म्हणून जो आकडा मी लिहून घेतला होता, तो आठ होता.

हवालदारानं आमच्याकडं बघितलं. ड्रायव्हरनं रिकामा तांब्या साळवेमामांच्या हातात दिला आणि गाडीच्या मागं लघवीला गेला.

* * *

फॅक्स मशीन आलं तेव्हाची एक छोटी गोष्ट. एका खोट्या कंपनीचा फॅक्स आमच्या हाती लागला. सही, शिक्का, सगळं त्यावर. अण्णांनी तो काचेच्या फ्रेममध्ये घालून खिडकीसमोर टांगला. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना चोर ओळखू यावा, हा हेतू.

काही महिन्यांनी तोच शिक्का घेऊन एक माणूस फिरतोय असं कळलं. पोलीस पुरावा बघायला आले. अण्णांनी अभिमानानं फ्रेम काढून दिली. आत कोरा पिवळट कागद होता. उन्हानं फॅक्सची अक्षरं उडतात, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

साहेबांनी फ्रेम उलटसुलट करून बघितली. "यात चोर कुठाय?" त्यांनी विचारलं.

"हुता," साळवेमामा म्हणाले. "दिवाळीपोत्तर हुता."

* * *

दशक संपत आलं आणि नगरला इंटरनेटचं दुकान निघालं. आता कंपन्यांची कार्डं नाहीत, वेबसाइट असायच्या. एका दिल्लीच्या कंपनीनं पत्ता कळवला आणि आम्ही तिघं ती बघायला नगरला गेलो. दुकानदारानं नाव टाइप केलं. फोटो वरून खाली इंच इंच उतरत होता. आधी आभाळ आलं, मग टपं, मग रांगेनं उभे नवेकोरे ट्रक.

साळवेमामा चष्मा लावून पुढं वाकले. "अण्णा, ड्रायव्हर कुठल्या बाजूला बसलाय?"

स्टिअरिंग डावीकडं होतं, सगळ्याच गाड्यांचं. फोटो परदेशातला होता. अण्णांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत प्रथमच आम्ही वेळेवर काही ओळखलं होतं. त्या आनंदात त्यांनी दुकानदाराला तिथल्या तिथं आमच्याही ऑफिसची वेबसाइट करायला सांगितली.

मजकूर मी दिला. चित्रं त्यानं टाकली. ती आम्ही बघितली नाहीत, कारण फोटो उतरेपर्यंत आमची शेवटची एसटी चुकली असती.

दीड-दोन महिन्यांनी चेन्नईचे एक गृहस्थ आले. मोठं काम द्यायचं होतं, त्याआधी ऑफिस बघायला आलेले. त्यांनी इकडंतिकडं नजर फिरवली आणि साळवेमामांना विचारलं, "आपका जहाज किधर रहता है?"

मामांनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी माझ्याकडं. गृहस्थांनी पिशवीतून छापलेला कागद काढला. त्यावर आमचं नाव, आमचा फोन, आणि खाली समुद्रात एक भलंमोठं मालवाहू जहाज. वर विमानही होतं.

"ऑफिस के बाजू में क्या है?" त्यांनी विचारलं.

अण्णांना घाम फुटला. इतकी वर्षं हाच प्रश्न विचारणाऱ्या माणसाला, शेजारी पंक्चरचं दुकान आहे, हे काही केल्या आठवेना. गृहस्थ चहा न घेताच गेले. जाताना मला हळूच म्हणाले, "मॅडम, आप तो पढ़ी-लिखी हैं. दूसरी नौकरी देखिए."

* * *

आणि आता मिश्राजी. हा किस्सा मी बऱ्याच जणांना सांगितला, पण त्याचं करायचं काय, ते अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

राहुरीच्या एका बाईंनी आसामातल्या एका आश्रमशाळेसाठी सामान जमवलं होतं. गाडीभर सामान. बाकं, वर्गातले फळे, शिलाई मशीन, आणि मुलांसाठी गावोगावच्या बायकांनी शिवलेल्या गोधड्या. इतक्या लांब जायला गाडी मिळेना. तेवढ्यात मिश्राजी आले. बारीक माणूस, शांत. कंपनीची वेबसाइट होती, पत्ता होता, फोन लागत होता. बाई घाईत होत्या. माल गेला.

गाडी गेल्यावर अण्णांना राहवेना. त्यांनी चौकशी केली. पत्त्यावर तळं होतं. फोन आता बंद होता. गाडीचा नंबर ट्रॅक्टरचा निघाला. मी या वेळी तो ओल्या फडक्यानं पुसून लिहिला होता.

अण्णा खुर्चीत बसून राहिले. "बाकं काय, दुसरी करता येतील," ते म्हणाले. "गोधड्यांचं काय सांगायचं त्या बायांना?"

बाईंना सांगायला आम्ही तिघंही राहुरीला गेलो. कुणी बोलायचं, यावर वाटेत वाद झाला. दारातच बाई हसत सामोऱ्या आल्या. "बरं झालं आलात. कालच शाळेचा फोन आला. सगळं पोचलं. तुमच्या माणसानं स्वतः बाकं उतरवून दिली. पोरांबरोबर जेवला म्हणे."

आम्ही चहा प्यायलो आणि तो विषय न काढताच परत निघालो. पण अण्णा कोपरगावला उतरून सरळ पोलीस चौकीत गेले. आम्हीही मागोमाग.

"कंपनी खोटी हाय, साहेब," अण्णा म्हणाले.

"माल?"

"पोचला."

"काही कमी?"

"न्हाई."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग मी लिहू काय?"

अण्णांनी खूप विचार केला. "लिहा, की आमाला काय समजंना झालंय."

साहेबांनी ते काही लिहिलं नाही.

पावसाळा संपता संपता एका दुपारी ऑफिससमोर गाडी थांबली आणि मिश्राजी आत आले. तसेच, शांत. "मॅडम, कोई लोड है क्या?" त्यांनी विचारलं. साळवेमामा दाराशी येऊन उभे राहिले, वाट अडवायला की स्वागताला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. अण्णांनी चहा मागवला. मिश्राजींनी तो बशीत ओतून, सावकाश फुंकून प्यायला.

शेवटी अण्णा खुर्ची पुढं ओढून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "मिश्राजी, बुरा मत मानना. आपकी कंपनी सच्ची है क्या?"

मिश्राजींनी बशी खाली ठेवली. अण्णांकडं बघितलं. थट्टा नाही, राग नाही.

"साहब," ते म्हणाले, "आपकी है?"