निळ्या घोड्याचं पान

वसुधामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. तिची लेक मीरा कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून एवढंच म्हणाली, "ताई, आई झोपेतच गेली." मी "हो" म्हटलं आणि लॅपटॉपकडे बघत बसले. डोक्यात एकच... तिला म्युझियममध्ये न्यायचं राहून गेलं.

मावशी पॅथॉलॉजिस्ट. जन्मभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली ही बाई रिटायर झाल्यावर जुन्या फारसी हस्तलिखितांतल्या चित्रांच्या नादी लागली. सोनेरी आभाळ, जांभळे खडक, तिळाएवढे चेहरे... न्यूजर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या घरी डायनिंग टेबलावर भिंग घेऊन ती त्यांच्या नकला करायची. फारसीही शिकत होती. "कागद, रंग, जमीन, आवाज... अर्धी भाषा तर आपण घरातच बोलतो गं!" म्हणून हसायची.

शेवटच्या वर्षी तिला शिकारीच्या एका पानाने पछाडलं. त्यातला निळा घोडा चौकट ओलांडून थेट समासात उडी घेतो. तिची नक्कल झाली होती, फक्त लगाम धरलेला हात कोरा होता. "फोटोत बोटं कळत नाहीत. मूळ पानच बघायला हवं." उजेडाने रंग उतरतात म्हणून न्यूयॉर्कच्या त्या म्युझियमने पान आत कपाटात ठेवलेलं; बघायचं तर अपॉइंटमेंट, तीही वर्किंग डेला. मी दोनदा जाणं कॅन्सल केलं. दुसऱ्यांदा तर त्याच दिवशी सकाळी, आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं म्हणून. "अगं, राहू दे. तू तुझं काम कर," ती म्हणाली. इतक्या मोकळेपणाने, की मी विसरूनही गेले.

महिन्याभरात ती गेली. मग मात्र ते वाक्य पाठ सोडेना. कामात लक्ष नाही, घरात एका जागी बसवेना... पाच आठवड्यांनी मीरा घर आवरायला आली. ड्रॉवरमध्ये ती नक्कल सापडली. हात रंगवलेला होता. पाचही बोटं, नखांसकट.

"फोटोवरून काढला असेल," मीरा म्हणाली. मला पटेना. अपॉइंटमेंट घेऊन मी तिला म्युझियममध्ये नेलं.

तिथली बाई पान मागवायची आमची चिठ्ठी वाचून म्हणाली, "हे पान? मध्यंतरी एक आजी आल्या होत्या. काठी टेकत, एकट्याच. तीन तास बसल्या."

दाराशी नोंदवही होती. मी भराभर मागे उलटत गेले. माझ्या रिलीजची तारीख. खाली तिची तिरकी, डॉक्टरी सही. ट्रेन, टॅक्सी, पायऱ्या... अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सगळं एकटीने. मीराला रडू फुटलं. मला राग आला. सांगितलं का नाहीस? मला वाईट वाटू नये म्हणून, की माझा भरवसाच उरला नव्हता म्हणून? पान समोर आलं तरी हेच चाललेलं. अजूनही चालतं.

निघताना वहीत आमची जाण्याची वेळ लिहिली आणि पुन्हा एकदा तिची ओळ काढून बघितली. येण्याची वेळ होती, अकरा. जाण्याची लिहायला ती विसरली होती.