मसाजीच्या बारा बाटल्या

"…तर येळवशीला मसाजीला बेड्या घालून मोमिनाबादेत नेनार हायेत, आन् तिथं सायेब त्याला…"

एवढंच माझ्या कानावर आलं. पाटलाच्या विहिरीवर दोघं जण मोट हाकता हाकता बोलत होते आणि नेमकं तिथंच चाक करकरलं. पुढचं ऐकायला मी विहिरीच्या काठापर्यंत गेलो, तर दोघं गप्प.

"कावून आलास, केरबा?" एकानं विचारलं.

म्हटलं, तहान लागली. माझ्या हातात भरलेला तांब्या होता, तो त्यानं पाहिला.

अर्धी बातमी घेऊन घरी जाणं माझ्यानं होत नाही. पारावर चार माणसं बसली होती, त्यांना विचारलं, साहेब नेमकं काय करणार म्हणे? त्यांना बातमीच ठाऊक नव्हती. मग ती आधी सांगावी लागली. सांगताना बाटल्या किती आणि कशाच्या, हेही ओघानं आलं.

घाटनांदुरात मसाजीच्या घराला माझी भिंत लागून. शिंप्याचं काम बसून करायचं. हात गुंततात, कान मोकळे राहतात. मग असले किस्से माझ्याजवळ चिंध्यांसारखे साठत जातात. टाकवतही नाहीत आणि कशाला जोडावं तेही कळत नाही. त्यातल्या मसाजीच्या चिंध्यांचं तर गाठोडंच झालंय. ते एकदा सोडतो.

*

मोमिनाबादच्या छावणीत, गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये, मसाजी वीस वर्षं खानसाम्याच्या हाताखाली होता. नवा खानसामा आला, त्यानं आपला मेहुणा आणला आणि मसाजी घरी आला.

निघताना कप्तानसाहेब त्याला म्हणाला होता, "सोलापुराहून बिअरच्या पेट्या येता येता गाडीत निम्म्या फुटतात. तू इथं करून दाखव. बड्या दिनाला डझनभर चांगल्या बाटल्या आण, तुला मेसमध्ये परत घेतो." वर कृती सांगितली आणि विलायतेतल्या कुठल्याशा वेलीच्या वाळक्या फुलांची एक पुरचुंडी दिली. मसाजी त्या फुलांना हाप म्हणायचा आणि पुरचुंडी देवघरात ठेवायचा.

इकडं शेत धाकट्या भावाकडं. मसाजीनं औत धरलं की तास वाकडं, खुरपं धरलं की तणासंगं पीकही उपटलेलं. शेवटी भाऊ म्हणाला, "दादा, तुमी बांधावर बसा आन् पाखरं हाका." पन्नाशीचा माणूस, वीस वर्षं साहेबांना जेवू घातलेला, सारा दिवस बांधावर बसून होऽ होऽ करायचा. म्हणून त्याला त्या बारा बाटल्या पाहिजे होत्या. बिअर त्याला स्वतःला आवडत नव्हती.

*

पहिलं काम ज्वारीला मोड आणायचं. त्यासाठी त्यानं ओली ज्वारी पसरली ती आमच्या दोघांच्या सामाईक माळवदावर. पाणी झिरपलं ते मात्र फक्त माझ्या बाजूला. बाराबंदीवर मातीचा ठिपका पडला म्हणून वर गेलो, तर नवरा-बायकोचं जुंपलेलं.

गयावैनी म्हणत होत्या, "कोवळी ज्वारी खाऊन बैलाला किराळ लागतो, पाय खोडून मरतो. आन् तुमी तिचं पानी सायबाला पाजनार? फासावर जायाचंय का?"

"मोड खुडून टाकायचे आस्तेत गं. नुसता दाना घ्यायचा."

"येवढ्या दान्यांचे मोड कोन खुडनार?"

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

तीन दिवस मी शिवण सोडून ज्वारी चोळत बसलो होतो. पाटलाचा अंगरखा लांबला. पाटलानं कारण विचारलं, तर काय सांगू? ज्वारीची हजामत करत होतो म्हणून?

*

पुरचुंडीतली फुलं पहिल्याच खेपेला संपली, आणि ती खेप आंबून व्हिनेगार झाली. मग हापाच्या जागी कडू काय घालावं, याचा शोध सुरू झाला. कडुलिंब झाला. कारली झाली. काडेचिराईत झालं. चव बघायला प्रत्येक वेळी भिंतीपलीकडून हाक यायची, "केरबा, हायेस का?"

नाही म्हणायची सोय नव्हती, कारण मशीनचा आवाज त्याला ऐकू जायचा.

काडेचिराइताच्या दिवशी मी एक घोट घेतला आणि खांबाला धरून उभा राहिलो.

"आली का चव?" मसाजीनं विचारलं.

"आली. जाता जाईना."

तो लिहून घेऊ लागला. म्हटलं, काय लिहितोस? म्हणाला, "टिकाऊ हाय."

दुपारी आमच्या मंडळींनी पुरणपोळी वाढली, ती कडू लागली. मी तसं बोलून दाखवलं. त्यावरून आमच्या घरात जे झालं, त्याला मसाजी जबाबदार आहे.

*

रांजण त्यानं ठेवला होता माझ्या भिंतीला टेकून, कारण म्हणे माझ्या बाजूला ऊब असते. आत बिअर फसफसायला लागली की भिंतीतून सारखं गुडगुड, गुडगुड.

गावातल्या शाळेचे मास्तर कोटाचं माप द्यायला आले होते. मी त्यांच्या छातीला फीत लावली, तेवढ्यात आवाज आला. मास्तर सभ्य माणूस, ते खिडकीबाहेर बघू लागले. पाठीचं माप घेताना पुन्हा आवाज. कमरेला आलो तेव्हा तर मोठा, लांबलचक.

मास्तर हळूच म्हणाले, "आपण आधी जेवून घ्या. मी थांबतो."

त्यांना भिंतीमागचं सांगायचं तर गुत्तेदाराच्या कानावर जायचं. दारू गाळायचा न् विकायचा हक्क गुत्तेदाराचा. बाकी कुणी रांजण भरला की आबकारीवाले दारात. म्हणून मी मुकाट्यानं आत गेलो आणि भूक नसताना भाकरी खाऊन आलो. बाहेर येतो तर पुन्हा गुडगुड.

मास्तर म्हणाले, "ओवा घेत जा."

*

बाटल्यांचा प्रश्न गयावैनींनी सोडवला. घरोघर फिरून त्यांनी गुलाबपाण्याच्या, औषधाच्या, कसल्या कसल्या बाटल्या गोळा केल्या. त्यांत एक एरंडेलाची होती. धुतली होती, पण एरंडेल ते, धुतल्यानं जातंय थोडंच.

भरल्यावर चव बघायला म्हणून ती बाटली नेमकी पाटलाकडं गेली. दुसऱ्या दिवशी पाटील दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मसाजी घाबरून माझ्याकडे येऊन बसला. चौथ्या दिवशी पाटलाचा गडी दारात.

"मालकानं इचारलंय," गडी म्हणाला, "तसली आनखी एक मिळंल का? सा महिन्यांत पयल्यांदाच पोट हलकं झालंय म्हनं."

साऱ्या गावात मसाजीच्या बिअरला तेवढं एकच गिऱ्हाईक लाभलं.

*

मग यायचा तो जमादार आलाच. आबकारीचा माणूस, वय झालेलं, पोट सुटलेलं, घोड्यापेक्षा स्वतःच जास्त दमलेला. दारात उभा राहून त्यानं नाक वर केलं.

"मसाजी, ये क्या उबल रा अंदर?"

"आंबील हाय, जमादारसाब."

आंबील म्हणजे ताक आणि ज्वारीचं पीठ. तीही आंबवतात, तिचाही वास येतो. तेव्हा उत्तर तसं बरं होतं.

"इत्ती?"

"येळवशीची."

"येळवस को अभी दो महिने हैं."

"आमचा गोतावळा लई मोठा हाय."

जमादारानं मसाजीकडे पाहिलं, रांजणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी दारात सुई-दोरा घेऊन उभा होतो, म्हणजे कामातच होतो.

"हौ," तो म्हणाला. "तो मैं येळवस कोच आतूं. गोतावळा देखने."

तो गेल्यावर गयावैनींनी निकाल दिला. घरातली चार पोती ज्वारी दीडावर आली होती. "येळवस झाली की रांजन पालथे. त्याच्या आत बारा बाटल्या झाल्या तर झाल्या. न्हाई तर तुमी आन् तुमचा बांध."

मसाजीनं वहीतल्या सगळ्या नोंदी काढल्या आणि मला वाचायला लावल्या, कारण त्याचं अक्षर त्यालाच लागत नव्हतं. शेवटी थोडा कडुलिंब आणि मोसंबीची साल, असं ठरलं. ती खेप मीही चाखली. खरं सांगतो, दुसरा घोट मी आपण होऊन घेतला. मसाजीनं तोंड फिरवून डोळे पुसले.

*

त्या साली येळवस आधी पडली आणि तिसऱ्या दिवशी बडा दिन, म्हणजे नाताळ.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्याकडं गावात माणूस राहत नाही. सगळी मार्गशीर्षातली अमावस्या शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपटी करायची, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची. आणि मग वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून भज्जी-आंबील वाढायची. न वाढणं जमत नाही आणि न जेवता जाणंही. पूजा झाली की दिवस कलेपर्यंत कोपीला कुणी हात लावत नाही.

मसाजीनं बारा बाटल्या कोपीत, पांडवांच्या मागं, कडब्यात खुपसून ठेवल्या. तिथून परस्पर गाडीत घालून मोमिनाबाद, असा बेत.

जमादार दुपारी आला. घरी कुलूप बघून नीट शेतावरच. गयावैनींनी लांबूनच हाक घातली, "जमादारसाब, जेवाया या."

"पहले देव," तो बसत म्हणाला. "सरकारी काम बाद में."

पहिला वाडगा, दुसरा, तिसरा. आंबील चांगलीच जमली होती. मसाजी वाढत होता. पाचव्या वाडग्याला कोपीतून आवाज आला. फट्.

जमादार थांबला. सगळे थांबले. गयावैनींनी कोपीला हात जोडले.

फट्. फट्.

"देव पावला," मी म्हणालो. काहीतरी बोलायला पाहिजे होतं.

मसाजीनं बायकोच्या कानाशी वाकून विचारलं, "बुचं घट्ट बांधलती ना?"

"बांधलती की. चार दिसांआधी उघडून गुळाचा खडा टाकला आन् परत बांधली."

"गूळ? कावून?"

"पांडवाम्होरं कडू कसं ठिवायचं? निवद गोडच लागतो."

फट् फट् फट्. गूळ, वरून उन्हं आणि सकाळी येताना बसलेले बैलगाडीचे हिसके. कोपीतून फेस बाहेर आला आणि धर्मराजाच्या दगडावरून वाहू लागला. मसाजी खाली बसला. तीन महिने, अडीच पोती ज्वारी आणि मेसची नोकरी, सगळं त्याच्यासमोर ढेकळांत जिरत होतं, आणि तो फक्त बोटं मोडत होता.

जमादार शांतपणे जेवत होता. दर आवाजाला त्याच्या डाव्या हाताचा अंगठा बोटांवर एक पेर पुढं सरकायचा. बऱ्याच वेळानं सगळं थांबलं. त्यानं वाडगा पुढं केला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "ग्यारा हुए. बारवी कां है?"

बारा हा आकडा त्याला कुणी सांगितला, हे मला कुणी विचारलं नाही.

बारावीला गूळ पुरला नव्हता. ती तेवढी कडब्यात धड निघाली. जमादारानं तिला लाखेचा शिक्का मारला. मसाजी म्हणाला, साहेबाचा हुकूम आहे. जमादार म्हणाला, "तो साबकोच पूछेंगे." बेड्या त्यानं आणल्याच नव्हत्या. दोघं मसाजीच्या भावाच्या गाडीत बसून गेले. बांध ओलांडायच्या आत जमादाराला आंबिलीची झोप लागली आणि त्याचं डोकं मसाजीच्या खांद्यावर आलं. मसाजीनं एका हातानं ते सावरलं होतं, दुसऱ्या हातात पुराव्याची बाटली.

गयावैनी चार दिवस जेवल्या नाहीत. मी चार दिवस पाराकडं फिरकलो नाही.

पाचव्या दिवशी मसाजी आला. डोक्याला मेसचा लाल फेटा, कमरेला पट्टा. अख्खी गल्ली गोळा झाली. मी सर्वांत पुढं.

"सुटलास कसा बे?"

"सायबानं शिक्का फोडला आन् बाटली तोंडाला लावली. जमादार म्हनत ऱ्हायला, साब, वो सबूत है, साब, वो सबूत है. सायबानं खाली ठिवली तवा थेंब न्हवता."

"मंग?"

"मंग जमादाराला म्हनला, सबूत दाखव. आन् मला म्हनला, उद्यापासून कामावर ये. पन एक अट घातली."

"कसली?"

मसाजीनं फेटा काढून मांडीवर ठेवला. "बिअर करायची न्हाई."

गयावैनी उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि आत वळता वळता म्हणाल्या, "सायेब शाना हाय. हात धुऊन घ्या, वाढते."