बल्बचा पिवळा

आमचे मामा माणसाकडे बघत तेव्हा आधी त्याच्यातला पिवळा काढून टाकत. मनातल्या मनात. बल्बखाली बसलेल्या माणसाकडे डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "हा बल्बचा. हा सोडून द्यायचा." ट्यूबलाइट असली तर तिचा हिरवा सोडायचे, भिंतीला निळा ऑइलपेंट असला तर तो सोडायचे. एवढं सगळं सोडून जे उरेल ते त्या माणसाचं.

भिवंडीच्या निजामपुऱ्यात, लूमच्या म्हणजे यंत्रमागांच्या गल्लीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मामा ते सगळ्या गल्लीचे. माझ्या नात्यातले नव्हेत. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, बारावी झाल्यावर, मी तिथे कामाला लागले. रंगीत फोटो तेव्हा मुंबईच्या लॅबमध्ये जात, आणि इथली लग्नं ट्यूबलाइटच्या उजेडात लागत असल्यामुळे नवरानवरी हिरवी होऊन परत येत. मामांनी कंटाळून एक जुना एन्लार्जर आणला आणि आम्ही प्रिंट स्टुडिओतच काढू लागलो. एन्लार्जरच्या खणात रंगीत फिल्टर घालायचे. प्रिंट पिवळा आला तर फिल्टरही पिवळाच वाढवायचा, कारण निगेटिव्हचं सगळं उलटं. हे डोक्यात बसायला मला आठवडा लागला. मामा म्हणाले, "सासरी पण असंच असतं. आत्तापासून सराव होईल."

गिऱ्हाइकांना रंगाचं एकच कळायचं. मुलीचा फोटो स्थळासाठी असला की आई काउंटरवर वाकून हळूच सांगायची, "मामा, लड़की को थोड़ा साफ कर दो ना." मामा मोठ्याने उत्तर देत, "भाभी, मैं फोटो साफ करता हूँ. लड़की साफ ही है." बाई ओशाळायची, मुलगी हसायची, आणि तोच हसरा फोटो मामा टिपायचे.

रंग अचूक कसा काढायचा हे मामांना मुंबईच्या एका कागदवाल्याने सांगितलं होतं. "फ्रेम में ग्रे का टुकड़ा रखो. ग्रे में कोई रंग नहीं होता. प्रिंट में भी नहीं दिखना चाहिए." एवढं ऐकून मामा खुशीत परत आले आणि मेव्हण्याच्या लूमवरून हातभर ग्रे फाडून घेऊन आले. भिवंडीत ग्रे म्हणजे एकच गोष्ट: लूमवरून उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं कोरं कापड. त्याला ग्रे का म्हणतात, हे माझ्या वडिलांनी आयुष्यभर लूम चालवून कधी विचारलं नव्हतं, मीही विचारलं नाही. ज्याला अजून रंग लावलेलाच नाही त्यात रंग कुठून असणार? आम्हाला ते इतकं पटलं की कागदवाल्याला पुन्हा विचारायची गरज वाटली नाही.

तेव्हापासून नवरदेव असो की नगरसेवक, पहिल्या फोटोत त्याच्या खांद्यावर तो तुकडा असे. प्रिंट काढताना तुकड्यातला पिवळा पूर्ण जाईपर्यंत मी फिल्टर वाढवत जाई, आणि मग तेच फिल्टर पूर्ण रोलला. लोक खूश होते. "मामांच्या फोटोत माणूस उजळतो," असं पार शेलार गावापर्यंत बोललं जाऊ लागलं. मामांना वाटे, आपण बल्बचा पिवळा काढतो म्हणून.

मामांची बायको शेलारची. स्टुडिओच्या मागच्या खोलीत त्यांचा संसार होता. खिडकी नव्हती, दिवसाही बल्ब लागे. रोलच्या शेवटी एकदोन फोटो उरले की मामा मागे जाऊन मामीचे काढत, म्हणजे रोल संपतो आणि धुवायला टाकता येतो. त्यामुळे दर रोलच्या शेपटाला मामी होती: भाकरी थापताना, केस विंचरताना, खांद्यावर तुकडा घेऊन वैतागलेली. "माजं काय लगीन हाय का आता? ठेवा तो डबा तिकरं," ती ओरडायची. तो तुकडाही तीच आठवड्याला धुवायची. नवऱ्याची वस्तू मळलेली तिला खपत नसे.

त्या दिवाळीच्या सुमाराला तिचं जेवण कमी झालं. पोटात मळमळतं म्हणायची, बसल्या जागी डोळा लागायचा. एका संध्याकाळी मी मागे चहा घेत असताना ती मामांना म्हणाली, "अवो, शेजारची सांगत व्हती, माजं डोलं पिवलं दिसतान."

मामांनी तिच्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "बल्बचा आहे."

"ती बोलली म्हून सांगतंय."

"तिला काय कळतं? थांब, दाखवतो." त्यांनी तिच्या खांद्यावर तुकडा टाकला आणि रोलमधला उरलेला फोटो तिथेच टिपला. दुसऱ्या दिवशी मी तो काढला, नेहमीप्रमाणे तुकडा पांढरा होईपर्यंत फिल्टर वाढवून. मामांनी तो मामीच्या हातात दिला. डोळे स्वच्छ पांढरे होते. मामी बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "चांगली दिसतंय की." मग तो फोटो तिने शेजारणीला नेऊन दाखवला.

संक्रांतीनंतर ती मोरीत पडली. रिक्षातून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी तिला दाराच्या उजेडात उभी केली, पापणी खाली ओढली आणि विचारलं, "कावीळ किती दिवसांची आहे?"

मामा म्हणाले, "कसली कावीळ?"

तिथून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात. लिव्हर गेलं होतं. दोन-तीन महिने आधी आणली असती तर काही करता आलं असतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. डॉक्टर असं का सांगतात, मला कळत नाही. मामी तीन आठवड्यांनी गेली.

ती हॉस्पिटलात असतानाच एके दुपारी मी कागद आणायला त्या कागदवाल्याच्या दुकानात गेले. काउंटरवर राखाडी रंगाचा एक पुठ्ठा होता. हे काय म्हणून विचारलं. "ग्रे," तो म्हणाला. "तुम्हारे सेठ को बताया तो था." मी तो पुठ्ठा हातात घेऊन उभी राहिले. आमचं ग्रे कापड सायीच्या रंगाचं असतं. त्याला पांढरं करायचं म्हणजे तुकड्यामागच्या माणसाचाही तेवढा पिवळा खरवडून काढायचा.

मामीचे दिवस झाल्यावर मी मामांना सांगितलं. सांगायला नको होतं, असं माझी आई आजही म्हणते. पण दुसऱ्या दिवसापासून पुन्हा लग्नांचे रोल धुवायचे होते. चुकीच्या तुकड्यावर काम कसं करणार? मामांनी ऐकून घेतलं. पुठ्ठा उलटसुलट केला आणि एवढंच विचारलं, "म्हणजे दिवाळीतच होती?"

कावीळ दिवाळीत असली तर वेळ होता. नसली, नंतर झाली असली, तर त्यांच्या हातात काही नव्हतं. यातलं खरं काय ते त्यांना हवं होतं, आणि ते त्या दिवाळीच्या निगेटिव्हमध्ये आहे असं त्यांना वाटत होतं. कापडाचा खरा रंग ठाऊक असता तर ते सोपंही होतं: प्रिंटमध्ये कापड खऱ्या रंगाचं करायचं, मग मामीच्या डोळ्यांत जो पिवळा उरेल तो तिचा. पण कोरं कापड धुण्यागणिक उजळतं. तुकडा त्या दिवशी किती पिवळा होता हे सांगू शकणारी एकच बाई होती. मी फोटोत दुसरं काही पांढरं शोधलं. ताट पितळी, भिंत रंगवलेली, लुगडं हिरवं. त्या खोलीत भरवशाचा पांढरा नव्हताच.

मामांनी गिऱ्हाइकांची कामं मुंबईला पाठवायला सुरुवात केली. लग्नं पुन्हा हिरवी येऊ लागली, लोक कुरकुरले, मग दुसऱ्या स्टुडिओत गेले. मामा दिवाळीच्या त्याच निगेटिव्हचे प्रिंट काढत राहिले. मी रागावले, कागद लपवला, शेजारणीलाही आणून बसवली. ती बिचारी म्हणाली, "मी पण संध्याकाळी बल्बखालीच बघितलं होतं हो." त्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं, काल्हेरला.

शेवटच्या आठवड्यात मी सकाळी गेले तर दोरीला सात मामी टांगल्या होत्या. पहिली हळदीसारखी, शेवटची निळसर, मधल्या एकेका फिल्टरच्या फरकाने. मामा समोर स्टुलावर बसले होते. डोळे बारीक केलेले नव्हते. ते त्यांनी सोडून दिलं होतं.

"तुझे डोळे चांगले आहेत," ते म्हणाले. "यातली खरी कुठली?"

मी नीट बघितलं आणि तिसरीवर बोट ठेवलं. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच विचारलं, तेव्हा माझं बोट पाचवीवर गेलं.