गाण्याचा आवाज

मोदकाच्या सारणात वेलची पडली, की अमेरिकेतल्या अर्विंग शहरातल्या आमच्या मराठी मंडळाचा एक गणपती आठवतो. मंडळाची वेबसाइट सांभाळायची मी आणि कौतुक व्हायचं माझ्या मैत्रिणीच्या गाण्याचं. त्या वर्षी तिच्या गाण्याचा व्हिडिओ पेजवर लावताना मी कोडमध्ये ‘म्यूटेड’ लिहिलं आणि ‘कंट्रोल्स’ मुद्दाम गाळलं. व्हिडिओ आपोआप सुरू व्हायचा, पण मुका. आवाज चालू करायला बटणच नव्हतं. “अगं, नुसते ओठ हलताहेत,” एक काकू फोन कानाशी नेत मला म्हणाल्या. “ब्राउझरचा नियम आहे, काकू,” मी सांगितलं. “जाऊ द्या काकू, किती करते ही सगळ्यांसाठी,” म्हणत मैत्रिणीने स्वतः केलेला मोदक माझ्या ताटात वाढला. आता मी ‘कंट्रोल्स’ सगळ्यात आधी लिहिते. मोदकाला कळ्या मात्र तिच्यासारख्या अजून पडत नाहीत, आणि तेही मला खुपतं.