उन्हात ठेवलेली पांढरी पूड

सुमनाक्काचा भाऊ निपाणीहून पहिल्या बसनं आला आणि प्रयोगशाळेच्या दारातच थांबला. "आक्का गेली," एवढंच म्हणाला... त्याला आता महिना होत आला.

बेळगावच्या आमच्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची, मी तिथंच डेमॉन्स्ट्रेटर. विड्या वळणाऱ्या आईची मुलगी, घरातली पहिली एम.एस्सी. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या वाचनात आलं, की स्ट्रॉन्शियम टायटनेट नावाची पांढरी पूड पाण्यात घालून प्रकाशात ठेवली, तर पाण्यातून हायड्रोजन निघू शकतो. पेरोव्हस्काइट म्हणतात त्या जातीचे हे स्फटिक. उजेड घेतात, क्रिया घडवतात, स्वतः मात्र संपत नाहीत. "उन्हावर जळण मिळंल बघ," आक्का म्हणाली, "माझ्या आईचा जन्म धुरात गेला रं."

ही पूड तयार करायला फार मोठी आच लागे आणि कॉलेजची भट्टी तेवढी तापत नसे. म्हणून दिवसभर खलात घोटलेलं मिश्रण मुशीत भरून आम्ही उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत न्यायचो. भट्टीवरचे मामा हसायचे, "बाई, औषध करतायसा व्हय?" मग गच्चीवर, उन्हात, फ्लास्क मांडला. तिसऱ्या दिवशी त्यात बुडबुडे दिसले आणि मी ओरडतच जिना उतरलो. प्राचार्यांनी पेढे वाटले. धारवाडला एका परिषदेत निबंध वाचायचं ठरलं. त्यावर माझंही नाव होतं, आणि कंग्राळीत आमच्या गल्लीभर मी ते सांगून ठेवलं होतं.

आठवड्यानं आक्कानं शेजारी दुसरा फ्लास्क ठेवला, नुसत्या पाण्याचा. त्यातही तेवढेच बुडबुडे! पाण्यात विरघळलेली हवाच ती, उन्हानं सुटलेली. तिनं निबंध मागं घेतला.

"कोण बघाय येणार हाय, आक्का?" मी चिडून म्हणालो.

"मी बघितलंय न्हवं?" ती म्हणाली.

चार महिने मी तिच्याशी धड बोललो नाही. ती एकटीच गच्चीवर जात राहिली. पुढं तिनं पाण्यात निळा रंग मिसळून बघितला. पूड घातलेला रंग संध्याकाळपर्यंत पार फिका पडे, बिनपुडीचा बराचसा निळाच राही. म्हणजे पूड उजेडात काहीतरी क्रिया घडवत होती, एवढंच खरं निघालं. तिनं मला हाक मारून दाखवलं, "ये रं, ह्यो खरा हाय." मी मान हलवली आणि खाली निघून आलो... त्यानंतर आम्ही कामापुरतंच बोललो. तिला रक्ताचा आजार जडला, ती निपाणीला गेली, तेव्हाही जातो जातो म्हणत मी गेलो नाही.

शेवटी गेलो ते तिच्या पुण्यानुमोदनाला, मरणानंतरच्या बौद्ध विधीला. तिच्या आईनं एक वही माझ्या हातात दिली. "मला अक्षर येत न्हाय. वाच रं, काय लिवलंय त्यात."

मी वाचू लागलो. रोजच्या पानावर आधी उन्हाची नोंद, मग आकडे. मधल्या पानांवर मात्र आकड्यांखाली आणखी एक ओळ होती. 'तो आजही वर आला नाही. उद्या येईल.' पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढंही...

"त्यो म्हंजे कोण?" आईनं विचारलं.

"मी," मी म्हणालो.