फरीदाबादच्या बंदरात चंद्रप्रभा

जिथे समुद्रच नाही अशा गावात जहाज जपायला निघालं, की किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते आपल्या पायांनी घरी येतात. आमच्या घोळक्याकडे आता इतके जमलेत, की चहा थंड होतो तरी सांगून होत नाहीत.

चंद्रप्रभा हे जुनं प्रवासी जहाज. आफ्रिका, मुंबई, विलायत अशा तिच्या खेपा चालायच्या. म्हातारपणी ती भंगारात निघाली, तेव्हा आमच्या मनोहर शिंदेंनी तिचा डायनिंग हॉल टेबलखुर्च्यांसकट, एक जिना आणि भला थोरला भोंगा उचलून आणला. शिंदेंचा फरीदाबादला कारखाना आहे. त्यांना म्हणे जहाजाच्या थाटाचं हॉटेल काढायचं होतं. हॉटेल राहूनच गेलं आणि जहाज कारखान्याच्या शेडमध्ये पडून राहिलं. आता आम्ही चार मराठी टाळकी ते पुन्हा उभं करतोय आणि दिल्लीत सापडतील तेवढ्या जुन्या प्रवाशांच्या आठवणी रेकॉर्ड करतोय.

* * *

पहिल्यांदा शेडवर निघाले, तेव्हा मेट्रोतून उतरून ऑटो केली. ऑटोवाल्याला सांगितलं, "भैया, वो शेड, जहां जहाज रखा है."

त्याने मला आरशातून नीट न्याहाळलं. "जहाज? फरीदाबाद में?"

"हां."

"और पानी, मैडम?"

"छत पे टंकी है."

 मी उतरताना तो अगदी आपुलकीने म्हणाला, "लौटना हो तो मुझे फोन कर देना. जहाज का क्या भरोसा!"

* * *

आठवणी रेकॉर्ड करायचं काम तृप्तीकडे. ती मूळची बीडची, दिल्लीत यूपीएससीची तयारी करते. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाऊसच्या कॅन्टीनमध्ये आम्ही प्रवाशांना बोलावतो. कारण मेल्या माणसाला उठवायची नाही, पण म्हाताऱ्या माणसाला बोलतं करायची ताकद साबुदाणा वड्यात नक्की आहे.

पहिले आले प्रभुणेकाका. तरुणपणी शिकायला चंद्रप्रभेवरून विलायतेला गेलेले, मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. तृप्तीला मॉक इंटरव्ह्यूची इतकी सवय, की तिने पाठ ताठ करून विचारलं, "सर, या प्रवासातून आपण नेतृत्वाबद्दल काय शिकलात?"

काकांनी वडा खाली ठेवला. "बेटा, मला बोट लागते. मी मुंबई सोडली आणि आडवा झालो, तो थेट विलायतेत उठलो."

"मग आपली सर्वात ठळक आठवण?"

"बादली."

तृप्तीने शांतपणे पुढचा प्रश्न वाचला, "तिचा आपल्या जडणघडणीवर काय परिणाम झाला?" त्यानंतर काका जे हसत सुटले, ते आमच्यात कायमचे दाखल झाले. आता एकही मीटिंग चुकवत नाहीत.

* * *

नारळी पौर्णिमा आली. शिंदे म्हणाले, "जहाज आपल्याकडे आहे, तर नारळ द्यायलाच पाहिजे." पण समुद्र कुठून आणायचा? यमुना सुचवली, तर प्रभुणेकाकांनी नारळाचीच कीव केली. शेवटी कारखान्याच्या आवारातला पाण्याचा हौद ठरला. हळदकुंकू वाहिलं, सगळ्यांनी हात जोडले आणि सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ शिंदेंनी हौदात सोडला. मला तर चक्क भरून आलं.

आम्ही आत जाऊन नारळीभात खायला बसलो, तेवढ्यात चौकीदार दारात. कपडे छातीपर्यंत ओले, हातात नारळ. "साहब, आपका नारियल गिर गया था."

शिंदेंनी त्याला बाजूला बसवून भात वाढला आणि नारळाला पुन्हा जलसमाधी दिली. त्या दिवशी फरीदाबादच्या समुद्राला दोनदा नारळ मिळाला.

* * *

या सगळ्यात हमीदाआपा आल्या आणि आमची हौस नुसती हौस राहिली नाही, खरं काम झाली. आपा मूळच्या रत्नागिरीकडच्या, पण सगळी नोकरी दिल्लीत झाली. आता मुलाकडे नोएडाला राहतात. लहानपणी त्या आईबरोबर मोंबासाहून मुंबईला चंद्रप्रभेवरून आल्या होत्या. वडील नोकरीसाठी तिथेच मागे राहिले.

आपा सांगत होत्या, "जहाज सुटताना भोंगा वाजला. एवढा मोठा आवाज, मी घाबरले. दोन्ही हातांनी कान गच्च दाबून धरले. खाली धक्क्यावर अब्बा हात हलवत होते. आणि माझे हात कानांवर. मग ते दिसेनासेच झाले."

अब्बा परत आलेच नाहीत. तिकडेच वारले.

तृप्ती पुढचा प्रश्न विसरली. आपाच म्हणाल्या, "भोंगा आहे ना तुमच्याकडे? मला एकदा नीट ऐकायचाय. जरा लवकर करा. डावा कान रिटायर झालाय आणि उजवाही रजा मागतोय."

* * *

जहाजाच्या भोंग्याला दाबाची हवा लागते, तीही टाकीभर. शिंदेंनी कारखान्याचा कॉम्प्रेसर जोडला, आपांना समोर खुर्ची दिली आणि व्हॉल्व्ह फिरवला. म्हशीला ढास लागावी तसा आवाज आला आणि थोडी धूळ उडाली.

शिंदेंचं तोंड पाहवेना. आपाच त्यांची समजूत घालत म्हणाल्या, "असू द्या हो. चंद्रप्रभा आणि मी, आम्ही दोघी तेव्हा तरुण होतो."

शिंदेंना ते भलतंच लागलं. ऑर्डरींची कामं बाजूला सारून त्यांनी भोंग्याच्या आतला तडकलेला धातूचा पडदा स्वतः नवा घडवला. मग भर दुपारी, आधी आपण खात्री करून घेऊ म्हणून, व्हॉल्व्ह फिरवला.

भोंगा असा काही वाजला, की शेजारच्या कारखान्यातले सगळे कामगार डबे घेऊन बाहेर पडले. त्यांना वाटलं, शिफ्ट सुटली!

तिथले मॅनेजर तणतणत आले. शिंदेंनी त्यांना बसवलं, आपांची गोष्ट सांगितली. मॅनेजरनी एकदा भोंग्याकडे पाहिलं. मग उठून म्हणाले, "इतवार को बजाइए. मैं अपनी फैक्टरी में सबको बोल दूंगा. और जी भर के बजाइए."

* * *

तो रविवार. डायनिंग हॉल उभा राहिला होता, टेबलं चकाकत होती. जिना कुठेच जात नव्हता, तरी प्रत्येक जण तो चढून उतरून आला. जुने प्रवासी आपापल्या नातवंडांना आपण कुठे बसायचो ते दाखवत होते, आणि दोघा आजोबांचं एकाच खुर्चीवरून जुंपलं होतं. शिंदेंनी कानात घालायला सगळ्यांना कापूस वाटला. आपांनी त्यांच्या वाट्याचा परत केला.

शिंदेंनी व्हॉल्व्ह फिरवला.

पत्रे थरथरले, छपरावरची कबुतरं उडाली. कापूस घालूनही आम्ही सगळ्यांनी हातांनी कान झाकले. प्रभुणेकाका तर खाली वाकले. मॅनेजर आपल्या आईलाही घेऊन आले होते, ती पदरात तोंड लपवून बसली.

हमीदाआपा खुर्चीतून उठल्या. शेडच्या उघड्या दारापर्यंत चालत गेल्या आणि उजवा हात पूर्ण वर करून हलवू लागल्या. समोर रिकामा रस्ता होता. आपा हसत होत्या.

ठरलं होतं, भोंगा थोडाच वेळ वाजवायचा. शिंदेंचा हात व्हॉल्व्हवर होता आणि डोळे आपांकडे. टाकीतली सगळी हवा संपेपर्यंत त्यांनी तो बंद केला नाही.