काकांनी तपासलेली ताटं

तुमच्या घरातलं कुणी चाळिशीत हार्ट अटॅकनं गेलं, तर तुम्हाला आधी त्याचं रक्त आठवतं की त्याचं ताट?

आमच्या शेजारच्या काकांना ताट आठवायचं. दुसऱ्याच्या जेवणावर इतका कडक पहारा ठेवणारा माणूस अख्ख्या सोलापुरात नसेल. पंगतीत बसले की शेजाऱ्याच्या पानातली भजी मोजत. स्वतः काडीसारखे, कोरडी भाकरी खाणारे. चादरीच्या कारखान्यात ते जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी ठरवणारी भोकाभोकांची कार्डं पाडतात. पुठ्ठ्यातलं कुठलं भोक कुठला धागा उचलणार, हे त्यांना तोंडपाठ. नक्षीतल्या मोराचा डोळा हुकला आणि मालकानं सुताला दोष दिला, की म्हणत, "सूत चांगलं हाय की! कार्ड बघा आधी." हाच माणूस सख्ख्या धाकट्या भावाला, शेंगाचटणीवर तेल ओतून घेताना पाहून, म्हणायचा, "खा. मरशील अन् आमाला रडवशील." भाऊ बेचाळिसाव्या वर्षी गेला. तेराव्यालाही काका म्हणाले, "जिभेनं मारलं त्याला."

गेल्या वर्षी काकांचंच कोलेस्टेरॉल भावाच्या जुन्या रिपोर्टाएवढं निघालं. ते लॅबवाल्याशी भांडले, आणखी दोन लॅबमध्ये रक्त देऊन आले. आकडा हटेना. शेवटी डॉक्टरांनी डीएनए तपासून घेतला. आरोग्य शिबिरांची पत्रकं वाटत फिरणारा मीही सोबत होतो. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेणारी प्रथिनं यकृताच्या पेशींवर असतात. ती बनवणारं तुमचं जनुक धड आहे. ते किती चालवायचं हे त्याच्या अलीकडचा डीएनएचा तुकडा ठरवतो, तिथं एक अक्षर बदललंय. म्हणून प्रथिनं कमी पडतात. हे वारशानं येतं, भावालाही असणार. मुलीला तपासा.

"म्हणजे सूत चांगलं, कार्ड चुकलं," काका पुटपुटले. मग एकदम ताठ झाले. "पोरीचं नगं. सोयरीक ठरतीय."

"काका, लपवलं म्हणून रक्त बदलतं का?" मी बाहेर येताच भडकलो.

"तू पत्रकं वाट. पोरगी हाय का तुला?"

तीन आठवडे आम्ही बोललो नाही. मग एका सकाळी, घरात ठेवलेला रिपोर्ट वाचून, मुलगीच चपला घालून दारात उभी राहिली. "अप्पा, मी रक्त द्यायला निघाले. येताय, की एकटी जाऊ?"

काका गेले. तिचाही आकडा तसाच निघाला. तिनं मुलाकडच्यांना स्वतः फोन करून सांगितलं. ते 'कळवतो' म्हणालेत. अजून कळवलेलं नाही. बापलेक आता रोज गोळी घेतात. काका पंगतीत कुणाच्या पानाकडे बघत नाहीत. परवा एवढंच म्हणाले, "एक घास सुखानं खाऊ दिला न्हाई रे त्याला."

तुमच्याकडेही असं कुणी लवकर गेलं असेल, तर त्याच्या भावंडांना आणि मुलांना या आठवड्यात रक्त तपासायला घेऊन जा. आणि तोवर त्याच्या खाण्याबद्दल एक शब्दही बोलू नका.